सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर, ११ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, पंपाची नळी सांभाळा

निपाणीत माझी रक्ततपासणीची छोटी लॅब आहे. दिवसाला ३०-३५ सॅम्पल, बाजाराच्या दिवशी चाळिसाच्या वर. गेल्या जूनमध्ये जुना कलरीमीटर बाजूला ठेवून सेमी-ऑटो घेतलं: ट्यूबमधलं सॅम्पल आणि रीएजंट (टेस्टचं रसायन) यांचं मिश्रण पंपाने आत ओढून, त्यातून प्रकाश सोडून आकडा देणारं मशीन. फिल्टर किती, मेमरी किती, हे सगळ्यांनी विक्रेत्याच्या कागदावर वाचलेलं असतं, ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते पंपात बसवलेल्या वीतभर सिलिकॉनच्या नळीबद्दल.

सहा महिन्यांनी कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून 'घ्या' म्हटलं असतं. एसजीपीटीसारख्या लिव्हरच्या टेस्ट आधी बाहेर पाठवत होते, त्या आता इथेच होतात. ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएच (त्या टेस्टमधलं एक रसायन) कमी होताना स्क्रीनवर रेषा उतरताना दिसते, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच आनंद झाला. क्रिएटिनिन ठीक. लाइट जाते, पण यूपीएसवर निभतं. लॅम्प सकाळी वीस मिनिटं तापू द्यायचा, बस.

नवव्या महिन्यात मात्र एक सकाळ अशी आली की माझा घास घशातच अडकला.

सौंदलग्याची एक पोरगी आली होती, सातवा महिना, सोबत सासूबाई. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा आला १५१. ही टेस्ट करणाऱ्यांना माहीत आहे, १४० ला रेष आहे. १४० आणि वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह धरायचा, मग पथ्य, परत परत तपासण्या, घरात सगळ्यांची चिंता. सासूबाई बाकावरून विचारत होत्या, "ताई, बरं आहे नव्हं?" मी "थांबा जरा" म्हटलं, कारण तिच्या आधीच्या आजोबांची शुगर ४३० आली होती आणि ते माझ्या डोक्यात घोळत होतं.

टेस्टट्यूबमध्ये मिश्रण शिल्लक होतं. न धुता तेच परत ओढलं: १२१. आणखी एकदा: ११८. मग नवीन ट्यूब लावून, दहा मिनिटं ३७ अंशाला ठेवून वाचलं, तरी ११८. म्हणजे आजोबांची साखर त्या पोरीच्या आकड्यात मिसळली होती.

एक मिली पाणी पिपेटने मोजून घेतलं, मशीनला ५०० मायक्रोलिटर ओढायला लावलं आणि उरलेलं परत पिपेटने मोजलं. साडेसातशे उरलं होतं! पाचशेच्या जागी जेमतेम अडीचशे ओढलं जात होतं. पंपाचे रोलर रोज त्याच जागी दाबतात, नळी चपटी होते, तिची उसळी जाते. सुईपासून फ्लो सेलपर्यंतचा (मिश्रण जिथे वाचलं जातं तो छोटा कप्पा) रस्ता भरण्यातच निम्मं द्रव संपतं, आणि सेलमधलं मागचं पूर्ण बाहेर ढकललं जात नाही. एकाच टेस्टचे सॅम्पल ओळीने वाचताना आपण मध्ये धूतही नाही. सकाळचं कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं, मशीन पडताळायचं सॅम्पल) बरोबर आलं होतं, कारण स्टँडर्ड (ज्यावरून मशीन हिशेब करतं ते ठरलेल्या साखरेचं द्रव) मी दोनदा वाचते आणि कंट्रोल त्याच्याच मागे. दोन्ही शंभराच्या आसपास, मग घोळ दिसणार कुठून?

१९५७ मध्ये टेक्निकॉनने लिओनार्ड स्केग्ज यांचं ऑटोअ‍ॅनालायझर बाजारात आणलं, तेही नळ्या दाबणाऱ्या पंपावरच चालायचं. त्यांनी तर नळीत मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडले होते, एक सॅम्पल दुसऱ्यात मिसळू नये म्हणून. म्हणजे ही अडचण तेव्हापासून माहीत आहे. मग आजच्या मशीनला 'नळी बदला' एवढी एक सूचना स्क्रीनवर देता येऊ नये? लॅम्पचे तास ते मोजतं, नळीचे नाही. माझा सगळा राग इथे आहे.

सर्व्हिसला फोन केला. आपला पिनकोड ५९१ ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटकातला, त्यामुळे तक्रार थेट बेंगळुरूला जाते. त्यांचाच कोल्हापूरचा इंजिनिअर कागलपर्यंत येतो, माझ्यापासून अर्ध्या तासावर, पण हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला की त्याचा एरिया नाही म्हणे. १९ दिवस वाट बघितली. तेवढे दिवस प्रत्येक सॅम्पलनंतर पाण्याने धुऊन, प्रत्येक ट्यूब दोनदा ओढून, दुसराच आकडा धरत काम केलं. संध्याकाळी मान मोडायची.

शेवटी बेंगळुरूच्या एका मुलाने फोनवर शांतपणे कन्नडमध्ये सगळं समजावलं: नळी कशी काढायची, दोन्ही टोकांचे कॉलर खाचेत कसे बसवायचे, पंपाचं कॅलिब्रेशन मेनूत कुठे आहे. त्या मुलाचे मनापासून आभार. नळी कोल्हापुरातल्या केमिकलच्या दुकानात मिळाली, साडेतीनशे रुपयांना. दहा मिनिटांत बसली. उरलेलं पाणी मोजलं तर बरोबर पाचशे.

म्हणून आधी चिडून जे ठरवलं होतं, की हे विकून टाकायचं, ते आता मागे घेते. आकडे परत चोख आहेत.

एक गोष्ट मात्र बदलली. पहिले चार महिने मीही रीएजंट वाचवायला अर्ध्या मिलीवर टेस्ट करत होते, किट दुप्पट पुरतं. बुडबुडे येतात म्हणून सोडलं होतं. त्या दिवशी पूर्ण एक मिली होतं, म्हणूनच परत वाचायला मिश्रण उरलं. आता कुणी कितीही हिशेब दाखवला तरी मी अर्ध्यावर जाणार नाही.

घेणार असाल तर सौदा करतानाच दोन जादा नळ्या मागून घ्या, आणि तुमच्या गावाला इंजिनिअर कुठून येणार ते बिलावर लिहून घ्या. मी पंपाच्या झाकणाच्या आतून चिकटपट्टीवर नळी बदलल्याची तारीख लिहिली आहे, आणि दर सोमवारी पहिल्या सॅम्पलच्या आधी ते एक मिली पाणी मोजते. काल ४९० ओढलं होतं.