लांबच्या विमानात सीपॅप: घरचे मशीन की छोटे प्रवासी मशीन?

मुंबईहून न्यूयॉर्कचे थेट विमान 15-16 तासांचे. केबिनमधली हवा 6 ते 8 हजार फुटांवरच्या गावासारखी विरळ, म्हणजे ऑक्सिजन आधीच कमी. त्यात सीपॅपचा, म्हणजे श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून प्रेशरने हवा देणाऱ्या मशीनचा, मास्क न लावता झोपावे असे स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचा त्रास) असलेल्या कोणालाही मी सुचवणार नाही. प्रश्न उरतो तो कोणते मशीन न्यायचे याचा. घरचे एअरसेन्स 10 आणि नंतर घेतलेले छोटे प्रवासी एअरमिनी, दोन्ही मी विमानात वापरली आहेत.

घरच्या मशीनची बाजू भक्कम आहे. नवा खर्च नाही, मास्क सवयीचा, प्रेशर कसे चढते-उतरते हेही अंगवळणी पडलेले. पण त्याचे सगळ्यात मोठे सुख म्हणजे ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवेला ओलावा देणारी टाकी), आणि तो विमानात वापरता येत नाही. विमान हलले की टाकीतले पाणी मशीनमध्ये शिरू शकते, शिवाय पाणी तापवायला वीजही बरीच जाते. केबिनमधली आर्द्रता तर बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली. एअरमिनीत पाण्याऐवजी एक छोटी चकती असते, ती आपल्याच उच्छ्वासातला ओलावा धरून परत देते. घसा तिनेही सुकतो, पण बराच कमी, निदान माझा तरी. तोंड उघडे राहत असेल तर मात्र तिचा उपयोग घटतो.

विजेच्या बाबतीत दोघांत फार फरक करू नये. सीटच्या सॉकेटवर विसंबू नका. त्याची क्षमता मर्यादित असते, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो बंद असू शकतो आणि प्लग सैल बसला तर झोपेत हवाच थांबते. स्वतःची बॅटरी न्या. 100 वॅट-अवरपर्यंत (हे बॅटरीच्या क्षमतेचे माप) परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला विमान कंपनीची लागते, आणि सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवायची. अलीकडे पॉवर बँकेवर कडक नियम येत आहेत (एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून विमानात ती वापरायला बंदी केली), म्हणून ही सीपॅपची बॅटरी आहे हे कंपनीला आधी कळवून उत्तर लेखी घ्या. छोट्या मशीनला त्याच बॅटरीवर जास्त वेळ मिळतो, एवढे खरे.

माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट साधी आहे: इकॉनॉमीत घरचे मशीन ठेवायचे कुठे? ट्रेवर ठेवले तर जेवण आले की उचला. मांडीवर ठेवले तर कूस बदलता येत नाही. राहते पायाजवळची जमीन. तिथे पाय लागतो, गालिच्यावरची धूळ मशीन आत ओढते, आणि नळी गुडघ्यांवरून वर येते. खिडकीशी बसलेल्या आजी बाथरूमला निघाल्या की मास्क काढा, नळी गुंडाळा, मशीन उचला, उभे राहा. त्या परत आल्या की सगळे पुन्हा. त्यांना संकोच, आपली झोप गेलेली. एअरमिनी 300 ग्रॅमचे, समोरच्या सीटच्या खिशात बसते. फक्त हवा ओढायची बाजू पांघरुणाखाली जाऊ द्यायची नाही. नळी वरच्या वर राहते, मास्कपासून ती सोडवली की वाट मोकळी.

छोट्या मशीनच्याही अडचणी आहेत. त्याला ठरावीकच मास्क चालतात, तेव्हा दुसऱ्या कंपनीचा मास्क लावत असाल तर आधी चौकशी करा. त्यावर पडदा नाही, सेटिंग सगळी फोनवरून. आवाजही जरा जास्त, पण विमानाच्या घरघरीत तो कळत नाही.

तीन-चार वर्षांतून एकदाच मुलांकडे जाणार असाल, तर घरचे मशीन आणि चांगली बॅटरी एवढ्यावर भागेल. सीट मात्र खिडकीचीच मागा, म्हणजे कोणाला वाट द्यावी लागत नाही. दर वर्षी जाणे होत असेल, तर मी छोट्यासाठी पैसे बाजूला काढायला सांगेन. निघण्याआधी काही रात्री घरी त्याच्यावरच झोपून बघा, आणि प्रेशर डॉक्टरांकडून ठरवून घ्या.