स्वतः पेंटिंग करणाऱ्या मॅडमचा क्लास, मोठ्यांनी लावावा का?

ज्यांना ड्रॉइंग बऱ्यापैकी जमतं पण रंग घेतले की चित्र मळकट होतं त्यांच्यासाठी लिहितेय, बाकीच्यांना कदाचित हा क्लास आवडणार नाही.

मॅडम मुळात पेंटर आहेत, गॅलरीत शो होतात त्यांचे, आणि आठवड्यातले ठरलेले दिवस शिकवतात. दोन तासात फोटोवरून कॉपी करून फ्रेम लावायला घरी न्यायचं असला प्रकार इथे नाही. सुरुवातीला बरेच दिवस चारच रंग मिळतात, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, एक लाल, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावाने ही पॅलेट ओळखतात. यात निळा नाहीच, पण काळ्यात पांढरा घालून तो करडा ऑकर आणि लालच्या शेजारी लावला की निळसर दिसायला लागतो, आणि एकदा हे डोळ्यांनी बघितलं की ट्यूबांचा ढीग जमवायची हौसच जाते. मग रंगीत कागदाचे तुकडे कापून एकच रंग वेगवेगळ्या रंगांवर ठेवून बघायचा. चित्रकार आणि शिक्षक जोसेफ अल्बर्स विद्यार्थ्यांकडून हेच करून घ्यायचे, आणि १९५० पासून स्वतः चौकोनात चौकोन रंगवत तोच शोध शेवटपर्यंत घेत राहिले. कंटाळवाणं वाटतं पण सोडू नका प्लीज, माझे रंग सुधारले ते यानेच.

सगळ्यात भारी म्हणजे त्यांचा स्वतःचा चालू कॅनव्हास तिथेच भिंतीला टेकवलेला असतो. मागच्या वेळी छान दिसणारा कोपरा पुढच्या वेळी खरवडून टाकलेला दिसतो, विचारलं की नीट सांगतात, तिथला उजेड मुख्य आकृतीपेक्षा जास्त झाला होता म्हणून नजर तिकडेच जात होती, डोळे बारीक करून बघा म्हणजे कळेल. आणि खरंच कळतं! चांगला जमलेला भाग सुद्धा पूर्ण चित्रासाठी पुसायचा असतो हे रेडीमेड डेमोमध्ये शिकायला मिळत नाही हो.

सामानाची सक्ती नाही. ट्यूबवर पिगमेंट कोड, म्हणजे आत कुठलं रंगद्रव्य आहे त्याचा नंबर, वाचायला शिकवतात, उदाहरणार्थ अल्ट्रामरीन या निळ्यावर पीबी २९ असतं, नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा मूळ पिगमेंटऐवजी दुसरं वापरलेलं असतं, आणि पीआर ८३ वाला अलिझरिन हा लाल उजेडात फिका पडतो म्हणून टिकवायच्या चित्रात नको.

आता तक्रार. शो जवळ आला की बॅच पुढे ढकलतात, मेसेज आदल्या रात्री येतो, कधी असिस्टंट घेतात आणि ती मुलगी चांगली आहे पण करेक्शन करायला बिचकते. शिकवणं आणि रंगवणं एकत्र ओढणं किती अवघड आहे ते मला मान्य आहे, चित्रकार हान्स हॉफमन यांनी १९१५ मध्ये म्युनिकला स्कूल काढलं आणि फक्त पेंटिंग करता यावं म्हणून शिकवणं थांबवलं ते थेट १९५८ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी. पण शोच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात ना, मग फी घेतानाच सुट्ट्या सांगून टाकाव्यात.

पाचपैकी चार स्टार. एकदम नवीन असाल तर आधी कुठेतरी ड्रॉइंग करून या, आणि असा कुठलाही क्लास लावायच्या आधी शिकवणाऱ्यांचं सध्या चालू असलेलं चित्र बघायला मागा, नुसते जुने कॅटलॉग बघून फी भरू नका.