घरबसल्या ऑनलाइन कोर्स की उद्यमबागेत शिकाऊ? मोठेपणी एडीएचडी कळलेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनचं, काम शिकून त्यावर पुढची वीस वर्षं काढायची, तर दोन वाटा दिसतात: ऑनलाइन कोर्स किंवा उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारी मेंदूची स्थिती, असेल तर मी दुसऱ्या वाटेकडे झुकतो.

एडीएचडीत अडतं ते समजण्यात नव्हे. काय करायचं ते पक्कं ठाऊक असतं. ते वेळेवर सुरू करणं आणि कंटाळा आल्यावरही धरून ठेवणं जमत नाही. दोन महिन्यांनी येणाऱ्या परीक्षेचा धाक आज लागतच नाही. त्यामुळे ‘कधीही बघा, कितीदाही बघा’ ही ऑनलाइन कोर्सची सवलत नेमकी इथेच नडते.

कारखान्यात तसं नसतं. जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मशीनवरून उतरवला, मापाचा व्हर्निअर लावला आणि माप ०.२ मिलिमीटरनं जास्त भरलं, की चूक तिथल्या तिथे कळते. ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेला मापातला फरक, दुरुस्त करायचा, पुढचा जॉब लावायचा. शेजारी मशीन लावून देणारा सेटर उभा असतो, शिफ्टची वेळ ठरलेली असते. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली स्टायपेंड मिळतो, आणि पुढे सुपरवायझर व्हायला लागणारं कन्नड कानावर पडून येतं. आपल्या मराठी पोरांना याची किती गरज आहे, ते वेगळं सांगायला नको.

उणीवही आहे. तोच जॉब महिनोन्‌महिने लावला की मन उडतं, आणि चालू मशीनपुढे लक्ष उडणं धोक्याचं. म्हणून काम हातात बसलं की सेटिंग, प्रोग्रॅमिंग मागून घ्या. सूचना तोंडी मिळाली तरी खिशातल्या वहीत लगेच उतरवा.

नोकरी सोडता येत नसेल तर ऑनलाइनच, पण आयआयटींच्या एनपीटीईएलवर असतो तसा कोर्स बघा. दर आठवड्याच्या असाइनमेंटला शेवटची तारीख असते, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. नाव नोंदवणं फुकट, फी फक्त परीक्षेची. अभ्यासाला मित्राला शेजारी बसवा. त्यानं स्वतःचं काम केलं तरी चालतं.

औषधानं लक्ष टिकायला मदत होते, पण वेळ आखायची सवय वेगळी लावावी लागते. निदानच झालं नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, हे ते विचारतात. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणि शक्य असेल तर आईला सोबत न्या.