तोर्ड्याची मारियो गॅलरी : काय पाहावे आणि काय घ्यावे

गोव्यात पर्वरीहून साल्वादोर द मुंदच्या बाजूला आत वळले की तोर्डा हे गाव लागते. तिथे रस्त्याला फाटा फुटतो आणि मधल्या त्रिकोणी जागेत जहाजाच्या नाळेसारखी निमुळती, उंच इमारत उभी दिसते. वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी गोव्यातील जुन्या घरांविषयी उभारलेले ते संग्रहालय आहे. त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचे दालन आहे. दालन म्हटले तरी ते दुकानच आहे. इथे चित्रांच्या छापील प्रती, पुस्तके, रंगीत फरशा, कप, वह्या असे सारे विकत मिळते. तरीही मी तिथे दोन तास थांबलो आणि त्यातला फार थोडा वेळ खरेदीत गेला.

आधी किनाऱ्याजवळच्या एका दुकानातून मी मारियोंचे म्हणून एक चित्र घेतले होते. घरी आणून भिंतीवर लावल्यावर लक्षात आले की त्यातल्या रेषा फुगलेल्या आहेत आणि चेहऱ्यांवरच्या बारीक छटा एकमेकींत मिसळून काळे डाग झाले आहेत. कुणीतरी प्रतीवरून प्रत काढलेली असावी. मारियोंच्या चित्रात रेषा बिघडली की काहीच उरत नाही, कारण रंग असोत वा नसोत, सगळा भार त्या काळ्या रेषेवर असतो. म्हणून या वेळी ठरवून तोर्ड्याला गेलो. द कुन्हा यांनी मारियोंच्या विखुरलेल्या चित्रांचा शोध घेऊन ती जमवण्याचे काम अनेक वर्षे केले आहे आणि त्यांच्या चित्रांचे मोठे पुस्तकही काढले आहे. ती काळजी इथल्या छपाईत दिसते. मासळी विकणारीच्या नाकातली नथ असो, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या तारा असोत, रेष सुटी आणि स्वच्छ उमटलेली आहे.

मराठी वाचकाला मारियो नवे नाहीत. माझ्या पिढीतल्या अनेकांनी त्यांची माणसे प्रथम पाहिली ती बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकात, त्यांचे नाव कळण्याच्या कितीतरी आधी. पुढे वृत्तपत्रांतून मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, मंत्री बंडलदास आणि अर्थातच गोडबोले भेटले. पण ही पात्रे म्हणजे त्यांच्या कामाचा एक भाग झाला. हा माणूस चित्रापर्यंत पोचत कसा होता, हे समजून घ्यायचे असेल तर दुकानात शिरल्यावर थेट पुस्तकांच्या फळीकडे जावे आणि 1949, 1950 आणि 1951 या तीन वर्षांच्या रोजनिश्या हातात घ्याव्यात. माझ्या मते या दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

मारियोंचा जन्म 2 मे 1926 रोजी दमणला झाला. घराणे दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या लोटलीचे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढत, म्हणून आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली आणि मुलाने त्या वहीला डायरी म्हणायला सुरुवात केली. एवढी साधी घटना, पण तिने त्यांच्या कामाची पद्धत कायमची ठरवून टाकली. बहुतेक मुलांच्या हाती चित्रकलेची वही येते ती सूर्योदय, डोंगर आणि नारळाचे झाड काढण्यासाठी. या मुलाने त्या वहीत आज घरी कोण आले, कोण काय बोलले, पाद्री कसे चालतात, हे काढले. पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल शाळेत बोलणीही खावी लागली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. मुंबईला सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन पदवी मिळवली, घरच्यांच्या आग्रहाने वास्तुशास्त्राकडे वळले आणि तिथे मन लागेना म्हणून ते सोडले. रोजची डायरी हीच त्यांची चित्रशाळा होती, असे मला या तीन पुस्तकांवरून ठामपणे वाटते.

या रोजनिश्या व्यंगचित्रकार म्हणून नाव होण्यापूर्वीच्या, तेविसाव्या ते पंचविसाव्या वर्षांतल्या आहेत. पानावर तारीख, इंग्रजीतल्या हस्ताक्षरातल्या काही ओळी आणि त्या ओळींना लगटून चित्र. रोज काही घडतेच असे नाही, आणि हेच मला या वह्यांत सर्वांत शिकण्यासारखे वाटले. मित्र भेटले, गप्पा झाल्या, कुठेतरी जेवायला बोलावले होते, कुणाचे तरी लग्न होते, गावात फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, होते, बाकी काही नाही. ज्या दिवसाविषयी आपण पत्रात एक ओळ लिहिली नसती त्या दिवसाचे चित्र इथे आहे. खुर्चीत पसरलेला एक जाडा गृहस्थ, त्याच्या पायाशी झोपलेले कुत्रे, दाराच्या फटीतून डोकावणारी मोलकरीण. विनोद घडवून आणलेला नाही, तो आधीच त्या खोलीत होता. तो दिसण्यासाठी मात्र रोज बघायला बसावे लागते.

मी स्वतः हौसेने चित्रे काढतो आणि काही सुचत नाही ही तक्रार अनेकदा करतो. या वह्यांची पाने उलटताना ती तक्रार मला अपुरी वाटू लागली. मारियो काही सुचण्याची वाट पाहताना दिसत नाहीत. आधी नोंद, मग चित्र, आणि त्या चित्रातून पुढे कधीतरी पात्र, असा तो क्रम आहे. पुढच्या काळातल्या तावेर्नांत म्हणजे दारूच्या गुत्त्यांत, बाजारांत आणि कचेऱ्यांत जी माणसे आपल्याला तयार, पूर्ण झालेली दिसतात, त्यांची बीजे या पानांवर आहेत. तीच फुगीर पोटे, तेच टपोरे डोळे, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहण्याची तीच लकब. रेष अजून कच्ची आहे, काही ठिकाणी घाईची आहे, हातांची बोटे नीट जमलेली नाहीत. पण नजर पूर्ण तयार आहे. आधी नजर आणि मग हात, ही वाढ वर्षागणिक बघायला मिळणे दुर्मीळ आहे, म्हणून शक्य असेल त्याने तिन्ही खंड एकत्र घ्यावेत आणि वर्षांच्या क्रमानेच वाचावेत.

या वह्यांना आणखी एक मोल आहे. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तेव्हा हे चित्रण त्या राजवटीतल्या शेवटच्या काळातले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्या काळाची राजकीय बाजू येते. सासष्टीतल्या जुन्या ख्रिस्ती घरात दुपारी चारला काय चालले होते, कोण कुणाकडे पत्ते खेळायला जात होते, ते तिथे येत नाही. इथे ते आहे आणि ते त्याच घरातल्या एका मुलाने, कुणाला छापून दाखवायचे हा विचार न करता टिपलेले आहे. एक सूचना करावीशी वाटते. मजकूर इंग्रजीत आणि हस्ताक्षरात असल्यामुळे वाचायला सावकाशी लागते, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या चाळून याविषयी मत बनवू नये.

छापील प्रतींच्या भागात मात्र उभे राहूनच बघावे लागते आणि तिथे माझ्या भाचीने मला मागे टाकले. ती दहा वर्षांची आहे. मासळी बाजाराच्या एका चित्रासमोर ती इतका वेळ उभी होती की मला तिला हाक मारावी लागली. ती चित्रातली कुत्री आणि मांजरे मोजत होती. मग तिने विचारले, “मामा, यांना ही सगळी माणसं ओळखीची होती का?” मी तिला म्हणालो की सगळी नसतील, पण प्रत्येक माणूस त्यांनी कुठेतरी पाहिलेला असणार. नंतर त्याच चित्राकडे मी पुन्हा पाहिले तेव्हा तिच्या प्रश्नातले मर्म कळले. मारियोंच्या गर्दीत भरतीचे माणूस नसते. इतर चित्रकार मागच्या रांगेत नुसती गोल डोकी काढून मोकळे होतात. इथे अगदी कोपऱ्यातल्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या माणसालाही स्वतःचे काम आहे. तो कुणाकडे तरी चोरून बघतो आहे, पिशवी सावरतो आहे किंवा जांभई देतो आहे. चित्राला एक मुख्य प्रसंग नसतो, वीस छोटे प्रसंग एकाच वेळी चालू असतात आणि डोळा कुठून आत शिरेल तिथून चित्र सुरू होते.

म्हणूनच प्रत घेताना आकाराचा विचार पहिला करावा. गर्दीचे चित्र लहान आकारात घेणे म्हणजे ते न घेण्यासारखेच आहे. भिंतीवर जागा कमी असेल तर गर्दीचे सोडून दोन-चार माणसांचे चित्र निवडावे, म्हणजे एखादा तावेर्नातला कोपरा, व्हायोलिन वाजवणारा म्हातारा किंवा पायरीवर बसलेल्या शेजारणी. कृष्णधवल आणि रंगीत अशा दोन्ही प्रती मिळतात. माझा कौल कृष्णधवल प्रतींना आहे. रंग प्रसन्न आहेत, घरात ते पटकन खुलतात, पण रेषेची लय काळ्या-पांढऱ्यातच नीट ऐकू येते.

प्रवासातली चित्रे हा वेगळा विषय आहे आणि गोव्याची आठवण म्हणून काही घ्यायला आलेल्यांची नजर त्यांवरून घसरते. मारियोंना 1959 मध्ये गुल्बेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पोर्तुगालला गेले, तिथून पुढे पाच वर्षे लंडनला राहिले. नंतरही त्यांनी अनेक देश पालथे घातले आणि जिथे गेले तिथली शहरे काढली. या चित्रांत विनोद मागे सरतो आणि छेद देणाऱ्या बारीक रेषांचे दाट जाळे पुढे येते. जुन्या इमारतींच्या भिंती, दगडी रस्ते, थंडीतली झाडे नुसत्या पेनाच्या फटकाऱ्यांनी उभी केलेली आहेत. ज्यांना मारियो म्हणजे केवळ हसवणारे चित्रकार वाटतात त्यांनी यांतले एक तरी चित्र दहा मिनिटे पाहावे. पद्धत मात्र तीच आहे, नव्या गावात गेले की रस्त्यावर थांबायचे आणि माणसे कशी उभी राहतात ते बघायचे.

फरशांविषयी माझे मत अनुकूल आहे. गोव्यात निळ्या-पांढऱ्या चित्रित फरशांची परंपरा आहे. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी ती कुणालाही बघता येते. दारावरच्या नावाच्या पाटीसाठी, स्वयंपाकघराच्या भिंतीत मध्येच बसवण्यासाठी मारियोंच्या चित्राची एखादी फरशी शोभते, कारण फरशीसाठी निवडलेली चित्रे मुळात सुटसुटीत आहेत. कपांचे तसे नाही. वाकलेल्या पृष्ठभागावर चित्र एका नजरेत दिसत नाही आणि गर्दी तर मधोमध कापली जाते. भेट म्हणून कप द्यायला हरकत नाही, पण चित्रासाठी घेत असाल तर त्याच पैशात एक छोटी प्रत घ्यावी.

भेट ठरवताना समोरच्या संग्रहालयासाठी वेळ राखून ठेवावा आणि शक्य तर ते आधी पाहावे. बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, शिंपल्यांच्या खिडक्या, उंच जोते, कौलारू छप्पर ही गोव्याच्या घराची अंगे तिथे समजून घेतली की रस्ता ओलांडून आल्यावर मारियोंच्या चित्रांतली घरे वाचता येतात. ती घरे त्यांनी मागे पडदा टाकावा तशी काढलेली नाहीत. बाल्कांवात बसलेली बाई आणि रस्त्यावरून जाणारा माणूस यांच्यातला संवाद त्या घराच्या रचनेमुळेच घडतो, हे तेव्हा लक्षात येते. तोर्डा ज्यात येते त्या बार्देश तालुक्यातच मांडवीच्या काठी रेईश मागूशचा किल्ला आहे. त्याच्या जीर्णोद्धारासाठी मारियोंनी स्वतः पुढाकार घेतला होता आणि आता तिथेही त्यांची चित्रे मांडलेली आहेत. मुंबईकरांना एवढ्या लांब येणे जमत नसेल तर कुलाब्याला रीगल सिनेमाजवळच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांची माणसे मोठ्या आकारात भेटतात. चहाच्या टेबलावरची माणसे आणि भिंतीवरची माणसे एकाच वेळी बघण्याची सोय दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही. सकाळी, गर्दी नसताना जावे.

मी शेवटी तिन्ही रोजनिश्या आणि मासळी बाजाराची मोठी कृष्णधवल प्रत घेतली. प्रत गुंडाळून नेण्यासाठी नळी आवर्जून मागून घ्यावी. घडी पडली तर ती रेषेवरच पडते आणि काचेखाली जन्मभर दिसते. चौकट करताना चारी बाजूंचे पांढरे समास कापू देऊ नयेत. चित्र काठोकाठ भरलेले असते, त्याला श्वास घ्यायला तेवढीच जागा आहे. भाचीने निवडलेली मांजराची छोटी प्रत तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लागली आहे आणि मोठ्या प्रतीतली कुत्री अकरा की बारा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.