रिमोटवाल्या इलेक्ट्रिक मॉडेल विमानाला ग्लो इंजिन बसवलं, ७ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हे गरज म्हणून नाही केलं, हौस म्हणून केलं. विमान मस्त उडत होतं, मीटरभर पंखाचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं हाय विंग (पंख धडाच्या वर), २२१२ साईजची मोटर, ३ सेलची १३०० mAh ची लायपो बॅटरी, काहीच तक्रार नव्हती. फक्त तो आवाज हवा होता आणि १० साईजचं, म्हणजे पावणेदोन सीसीच्या आसपासचं थ्रॉटलवालं जुनं ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं, स्पार्कऐवजी प्लगच्या तापलेल्या तारेनं पेटणारं) कपाटात पडून होतं. वाटलं मोटर काढू, इंजिन लावू, दोन संध्याकाळचं काम. तीन आठवडे गेले, आणि इंजिन बसवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला.

पहिला घोळ वजनाचा. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि लायपो मिळून १९० ग्रॅमच्या आसपास निघाले, पण सायलेन्सरसकट इंजिन, माऊंट, ६० सीसीची टाकी, थ्रॉटलचा सर्वो (दांडी हलवणारी छोटी मोटर) आणि रिसिव्हरची वेगळी बॅटरी (हो, ईएससी गेला की बीईसी, म्हणजे रिसिव्हरला वीज देणारा त्यातला भाग, पण जातो, हे मला वायरी जोडायला बसल्यावर आठवलं) असं सगळं धरून भरल्या टाकीनिशी २६० च्या पुढे गेलं. वर नाक जड झालं. शेवटी ४.८ व्होल्टचा पॅक स्पंजात गुंडाळून पंखाच्या मागे ढकलला तेव्हा कुठे सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) जागेवर आला. सीजी रिकाम्या टाकीवर बघा, कारण इंधन संपत जातं तसं नाक हलकं होतं आणि लँडिंग नेमकं तेव्हाच करायचं असतं.

थ्रॉटलचा सर्वो ईएससीच्याच चॅनलवर लागतो, त्यात काही नाही. पण फेलसेफ परत सेट करा, सिग्नल गेला तर कार्ब्युरेटर पूर्ण बंद झाला पाहिजे. आणि टाकी निडलच्या (इंधन कमीजास्त करणारा स्क्रू) लेव्हलला ठेवा. माझी थोडी खाली बसलेली, म्हणून नाक वर केलं की इंजिन भुकेनं मरायचं आणि मी आठवडाभर बिचाऱ्या प्लगला शिव्या घालत होतो.

आता फायरवॉलबद्दल (नाकातली फळी, जिच्यावर इंजिन बसतं) जरा सविस्तर, कारण इथेच विमान जाता जाता वाचलं. मूळ फायरवॉल ३ मिमीचा लाईट प्लाय होता, मोटरला पुरेसा. मी त्यावरच माऊंट ठोकलं, मागून थोडा इपॉक्सी फिरवला, झालं. तिसऱ्या महिन्यात एकदा उडवून झाल्यावर तेल पुसताना कापड एका जागी अडकलं. नीट बघितलं तर फायरवॉल आणि बाजूच्या बाल्साच्या मधे केसाएवढी फट. प्रॉप (पुढचा पंखा) धरून हलकं हलवलं तर फट उघडायची, मिटायची आणि प्रत्येक वेळी त्यातून तेलाचा एक बुडबुडा बाहेर यायचा. म्हणजे तेल आत मुरलेलं होतं आणि वरून ओतलेला इपॉक्सी तेलकट लाकडाला काय धरणार. सगळं नाक कापलं, बर्च प्लायचा नवीन फायरवॉल, कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या, ३० मिनिटवाला इपॉक्सी, आणि टाकीच्या खणात आतून पातळ इपॉक्सीचा हात. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डाऊन थ्रस्ट, राईट थ्रस्ट (इंजिनाचा थोडा खाली आणि उजवीकडे कल) पण तेव्हाच नीट बसवून घेतला.

तेलाचा हिशोब करून बघा म्हणजे कळेल. इंधनात २० टक्के तेल असेल तर ६० सीसीच्या टाकीत १२ सीसी झालं, आणि ते बहुतेक न जळता सायलेन्सरमधून बाहेर, त्यातलं बरंच थेट विमानावर. दर उड्डाणाला! बिजागऱ्या, पंखाचं बूड, सर्वोची भोकं, जिथे म्हणून विमानावर इस्त्रीनं चिकटवलेल्या फिल्मची कड आहे तिथे ते शिरतं. लायपोवर उडवून घरी जाणाऱ्याला हे पचत नाही, मला अजून पचलेलं नाही.

ट्यूनिंग मात्र आवडायला लागलं. ७x४ इंचाचा प्रॉप, निडल अडीच आटे उघडी, प्लगला दीड व्होल्ट, प्रॉपला काठीनं एक फटका. बोटानं नका मारू, एकदा मारून झालंय. मग प्लगची क्लिप काढली तरी तार तापलेली राहते, मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून ती धगधगत ठेवते, ना स्पार्क ना टायमिंग, मला अजून याची गंमत वाटते. फुल थ्रॉटलला निडल बंद करत न्यायची, आवाज चढून टिपेला पोचला की थोडी परत उघडायची. मी सुरुवातीला टिपेलाच सोडायचो, मग वर गेल्यावर इंजिन तापून बंद. पहिल्या १० उड्डाणांत ६ डेडस्टिक (हवेतच इंजिन बंद). लँडिंग सुधारलं माझं, एवढंच. आणि एक, मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, सांडलं असेल तर तिथे प्लगला करंट देऊ नका.

दिवस संपला की टाकी रिकामी, नळी काढून उरलेलं जाळायचं आणि आत आफ्टर रन ऑईलचे (गंज रोखणारं तेल) चार थेंब. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तसंच ठेवलं तर आतून गंज. मी दोनदा आळस केला, दुसऱ्या वेळी प्रॉप हलेना.

परत करीन का? या विमानाचं इंजिन ठेवीन, आता काढवत नाही. पण दुसरं इलेक्ट्रिक कापणार नाही, ग्लोचंच किट पहिल्यापासून बांधीन, ज्याचं नाक त्यासाठीच बनलंय. फोमवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये, त्या हादऱ्याला फायरवॉल धरायला आत लाकूडच नसतं.

सध्या पंखाच्या बुडाची फिल्म परत सुटलीय. टाल्कम पावडर लावून तेल शोषायला ठेवलंय, उद्या इस्त्री मारतो.