कोरी दिसणारी हार्डडिस्क आणि ‘डेटा पुसला’ म्हणणारा कागद

मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकेतल्या बड्या वित्तसंस्थेने 2016 मध्ये दोन डेटा सेंटर बंद केली आणि तिथल्या सर्व्हर-हार्डडिस्कची विल्हेवाट लावायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं. डेटा पुसण्याचा त्या कंपनीला काडीचाही अनुभव नव्हता. तिने हजारो उपकरणं तिसऱ्यालाच विकली आणि ग्राहकांच्या माहितीसकट त्यांतली काही इंटरनेटवरच्या लिलावात गेली. पुढच्या वर्षी ऑक्लाहोमातल्या एका आयटी सल्लागाराने अशा डिस्क विकत घेतल्या, आतला डेटा पाहिला आणि त्यानेच कंपनीला ईमेल करून कळवलं. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने मॉर्गन स्टॅन्लीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. बहुतेक उपकरणं मात्र परत मिळालीच नाहीत.

दवाखाना, सीएचं ऑफिस, शाळा, सोसायटी जुने कॉम्प्युटर लॉटमध्ये देतात तेव्हा नेमकं हेच होऊ शकतं. घेणारा म्हणतो, “फॉर्मॅट मारून देतो, काळजी नको.” समोर डिस्क रिकामी दाखवतो. पण क्विक फॉर्मॅटमध्ये फाइल कुठे आहे याची नोंद तेवढी जाते. सोसायटीच्या गेटवरची नावांची पाटी काढली म्हणून घरातली माणसं जात नाहीत. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर चालवलं की पॅन कार्डचे स्कॅन, पेशंटचे रिपोर्ट, टॅलीचे बॅकअप परत वर येऊ शकतात. गारफिंकेल आणि शेलाट या एमआयटीच्या दोन संशोधकांनी 158 वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष 2003 मध्ये छापून आला: चालू निघालेल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या.

खोटं पकडायचं असेल तर घड्याळ बघा. 1 टीबीची फिरती डिस्क (आत तबकड्या फिरणारी साधी हार्डडिस्क) सेकंदाला साधारण 120 एमबी वेगाने लिहीत असेल, तर ती पूर्ण पुसायला सव्वादोन तास लागतात. 4 टीबीला, 150 एमबीचा वेग धरला तरी, सात-साडेसात तास. असल्या साध्या डिस्कवर पाच मिनिटांत “झालं” म्हणणाऱ्याने काहीही पुसलेलं नाही.

म्हणून डिस्क हातातून सोडण्याआधी स्वतः पुसा. फिरत्या डिस्कसाठी विंडोजमधलं डिस्कपार्ट हे कमांड टाइप करून चालवायचं टूल पुरेसं आहे: ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि नंबर, मग ‘क्लीन ऑल’, म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. नुसतं ‘क्लीन’ दिलं तर फक्त पार्टिशनची नोंद जाते, डेटा राहतो. नंबर चुकला तर चालू कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क साफ होईल, म्हणून पुसायची आणि विंडोज चालवणारी सोडून बाकीच्या डिस्क आधी काढून ठेवा. एकदा शून्यं लिहिली की आजच्या डिस्कसाठी काम झालं. 35 वेळा पुसायची पद्धत 1996 च्या एका निबंधातून आली, त्या काळातल्या जुन्या डिस्क डोळ्यांसमोर ठेवून. तिच्यासाठी जादा पैसे मागणाऱ्याला देऊ नका. शेवटी हेक्स एडिटरमध्ये (डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) डिस्क उघडून सुरुवात, मध्य, शेवट तपासा. सगळीकडे शून्यंच दिसली पाहिजेत.

एसएसडीची, म्हणजे तबकड्यांऐवजी मेमरी चिप असलेल्या डिस्कची, गोष्ट वेगळी, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रण चिप) लिहिण्याची जागा सतत बदलत राहतो आणि काही जागा राखीव ठेवतो, त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी जुन्या प्रती मागे उरू शकतात. उत्पादकाच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं (कॉम्प्युटर सुरू होतानाची सेटिंग) ‘सिक्युअर इरेज’ वापरा. एनव्हीएमई (थेट मदरबोर्डच्या वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी) असेल तर ‘सॅनिटाइझ’. सॅटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीचा) ड्राइव्ह ‘फ्रोझन’ दाखवत असेल, म्हणजे पुसण्याची कमांड घेत नसेल, तर मशीन स्लीपमध्ये टाकून उठवा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

डिस्क चालूच होत नसेल किंवा स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकलेल्या भागांचा, आकडा मोठा असेल तर ती विकूच नका. त्या बाजूला टाकलेल्या सेक्टरांपर्यंत साधं पुसणं पोचत नाही. खालचा सर्किट बोर्ड हातोडीने फोडून दाखवला तर फसू नका, बोर्ड बदलून डिस्क पुन्हा वाचता येते. आतल्या तबकड्याच मोडायला हव्यात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बऱ्याचदा काचेच्या असतात, डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा घालूनच हात लावा. एसएसडीत प्रत्येक मेमरी चिप फुटली पाहिजे. डीगॉसरचं (चुंबकाने डिस्क पुसणारं यंत्र) चुंबक तिथे निरुपयोगी आहे.

रिपेअरच्या दुकानात “डिस्क गेली, नवीन टाकली” म्हणाले तर जुनी डिस्क मागून घ्या. ती तुमचीच आहे, आणि पुष्कळदा चालूही असते. सर्टिफिकेट घेणार असाल तर त्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, पुसण्याची पद्धत आणि तारीख हवी. ‘40 नग नष्ट केले’ एवढंच लिहिलेला कागद घेऊ नका. देण्याआधी प्रत्येक लेबलचा फोटो काढा आणि नंबर जुळवा. भंगारात टाकायचंच असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रीसायकलरलाच द्या. फोटोकॉपी मशीन आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही डिस्क असते, ती लोक हमखास विसरतात.

डिस्क आधीच गेली असेल तर आजच ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे सुद्धा. डिस्कवर ज्यांची कागदपत्रं होती त्यांना कळवा. खात्यातून पैसे गेले तर बँकेला सांगा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.