सॅन हसिंटोच्या बर्फावर चार महिने: मायक्रोस्पाइक्सचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावात जानेवारीतही अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर फिरता येतं. तिथून केबलकारमध्ये बसलं की दहा-बारा मिनिटांत आपण 2,596 मीटरवर, बर्फात. कळसूबाईच्या पूर्ण उंचीहून जास्त चढ बसल्या जागी होतो, आणि पुढे सॅन हसिंटोचा 3,302 मीटरचा माथा पायी गाठायचा. इथला हिशोब आपल्या महाबळेश्वर आणि माण तालुक्यासारखाच आहे. पॅसिफिककडून येणारे ढग डोंगराच्या माथ्याला सगळं देऊन टाकतात आणि पलीकडचं वाळवंट कोरडं राहतं.

डिसेंबर ते मार्च मी सहा वेळा वर गेलो, माथा तीनदा गाठला. सहाही वेळा मायक्रोस्पाइक्सची एकच जोडी होती: बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा, तळाला साखळ्या आणि सेंटिमीटरभर लांबीचे पोलादी काटे.

केबलकारच्या वरच्या स्टेशनातून लाँग व्हॅलीत उतरणारी सिमेंटची नागमोडी वाट सकाळी गोठलेली असते. लोक कठडा धरून उतरतात, मी सरळ चालत गेलो. रेंजर चौकीत दिवसाचा फुकट परवाना भरायचा, मग राउंड व्हॅली, मग वेलमन डिव्हाइड ही खिंड. इथवर पायांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फात काटे छान रुततात, पोटऱ्याही कमी दमतात.

पुढचा भाग मात्र वेगळा. वेलमनच्या वर वाट उघड्या उतारावरून आडवी जाते. दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ तिथे फरशीसारखा टणक होतो. जानेवारीत मी तिथे उभा होतो तेव्हा काटे नुसते टेकत होते, रुतत नव्हते. पावलाचा भार एका कडेवर आला की रबर ताणलं जाई आणि सगळी साखळी बुटाखालून बाजूला सरके. खाली लांबवर घसरण आणि झाडांचे बुंधे. मी परत फिरलो. या डोंगराच्या बर्फावर घसरून माणसं गेली आहेत. फेब्रुवारीत प्रशिक्षकाकडून क्रॅम्पॉन (बुटाला घट्ट बांधायचे लांब, धारदार पोलादी दाते) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरायला शिकलो. तेव्हापासून वेलमनपर्यंत मायक्रोस्पाइक्स आणि पुढचा बर्फ टणक असेल तर क्रॅम्पॉन, असं ठरवूनच निघतो.

दुपारच्या ओल्या बर्फात काट्यांखाली गोळे जमतात आणि काटे असून नसल्यासारखे होतात. दर काही पावलांनी काठीने बूट ठोकावा लागतो. माथ्याजवळच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर मी काटे न काढता चढलो, त्यामुळे टोकं बोथट झाली. एकदा ओलेच पिशवीत ठेवले तर साखळीवर गंजाचे ठिपके आले. मार्चमध्ये डाव्या पायाचं रबर टाचेजवळ फाटलं. त्या दिवशी पिशवीतली सुतळी कामाला आली.

माथ्याखाली 1930च्या दशकात बांधलेली दगडी झोपडी आहे. वाऱ्यापासून तिथे खरा आसरा मिळतो. वरून एकीकडे साल्टन सी हे खारं सरोवर चमकतं, समोर सॅन गोर्गोनिओ शिखर पांढरं आणि मधल्या खिंडीत पवनचक्क्या. बुटाखाली बर्फ, आणि खाली नजर जाईल तिथवर पिवळी वाळू. ते बघून माझे डोळे भरून आले होते.

पुढच्या हिवाळ्यासाठी याच प्रकारची जोडी घेतली आहे, फक्त एक माप लहान. जुनी माझ्या बुटाला किंचित सैल होती, म्हणून जास्त सरकत होती. नवी घरातच बूट घालून, पाऊल तिरकं दाबून पाहिली आणि मगच दुकानाची पावती फाडून टाकली.